सुकती

शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज येतो:
उद्या दुज. साडेसातला सुकती.
जुने बूट घाला.
बोललंच पाहिजे असं नाही.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ,
त्यात सहा तास मिळवले की सुकतीची.
जयवंती वैती हा हिशेब बोटांवर करते,
इफ्तेखार तो फोनवर तपासतो.
दहा मिनिटांचा फरक पडला
तर ती फोनला दोष देते.

खारदांड्याच्या खडपावर आम्ही आठ पोरं.
स्टेफीने अकरावी सोडलेली,
इफ्तेखारला उन्हाळ्यातही लांब बाही.
माझं तर काहीच झालेलं नव्हतं,
मी फक्त चार महिने खोलीत होतो,
नवव्या मजल्यावर,
भिंतीकडे तोंड करून.
डॉक्टर मंगळवारच्या.
रविवार हा असा.

पहिल्या दिवशी मी बुटांकडेच बघत चाललो.
खडपावर तसंच चालावं लागतं,
शेवाळ, कालवांच्या धारा, फटीत पाय,
सगळेच खाली बघतात,
त्यामुळे कुणी विचारलं नाही
मान वर का करत नाहीस.

एका डबक्यात समुद्रफूल होतं.
बोट लावलं, मिटलं.
मला वाटलं, आता ही काहीतरी शिकवण देणार.
जयवंती म्हणाली, "हात धू, खाज सुटंल,"
आणि पुढे गेली.

नंतर तिच्या ओट्यावर चहा.
उन्हात सोळा बूट, जिभा बाहेर काढून.
"गोळी घेतलीस?" असं ती विचारते,
कालवणात मीठ पुरतंय का
विचारावं तसं,
आणि उत्तराआधीच भाकरी ताटात पडते.

मग एका दुजेला मी गेलो नाही.
पुढच्या दुजेलाही नाही.
फोन उशीखाली गुरगुरला,
मग दमला.

त्या रविवारी साडेनऊला आई म्हणाली,
खाली कोण बसलंय बघ जरा.
कंपाउंडच्या भिंतीवर सात जण,
ओल्या पॅंटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या,
केळी खात.
हाक नाही, बेल नाही.
सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा हटकलं,
स्टेफीने त्यांच्याही हातात एक केळं दिलं.

मी पडद्यामागे उभा होतो.
पूर्ण फणी संपली एवढा वेळ.

ते गेल्यावर वॉचमन वर आला,
पिशवीत माझा बूट.
एकच. डाव्या पायाचा.
खारवलेला, नाडी मात्र नवी.
"दूसरा उधरीच है, बोले," तो म्हणाला
आणि लिफ्टची वाट बघत
माझ्याकडे न बघता उभा राहिला.

मी हसलो नाही
असं आईला वाटतं.

पुढच्या दुजेला
एका पायात बूट, एका पायात बाबांची चप्पल
असा मी उतरलो.
रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं,
मीटर टाकलं.

जयवंती खडपावर उतरताना मोजते,
वर चढताना पुन्हा मोजते,
पाणी परतायला लागलं की
मागे कुणी राहता कामा नये.
मी नव्हतो ते दोन रविवार
ती कशी मोजत होती, ते स्टेफीने सांगितलं:
उतरताना, सात, आणि एक नवव्या माळ्यावर.
चढताना, सात, आणि एक नवव्या माळ्यावर.

आज नुसतं "आठ" म्हणाली.
मग तिची नजर माझ्या पायांवर गेली.
"चप्पल घालून खडपावर?
मरायचंय काय रे तुला?"

सगळे गप्प झाले.
इफ्तेखारने बाही ओढली,
स्टेफी पाण्याकडे बघायला लागली,
जयवंतीच्या तोंडात शब्द
काटा अडकावा तसा.

एवढ्यात मीच म्हणालो, नाही.

ती ओट्यावरून दुसरा बूट घेऊन आली.
"मग घाल."